पंचवीस की वीस-पाच? ‘तिरका उंट’ यांना उत्तर

नमस्कार ‘तिरका उंट’,

बुद्धिबळाच्या इंजिनाच्या माझ्या कोडवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुम्ही म्हणता: इंटेल, एआरएम, रास्पबेरी पाय, आज सगळे लिटल-एंडियनच (आकड्याचा लहान बाइट आधी ठेवणारे; मोठा आधी ठेवणारे ते बिग-एंडियन). मग ओपनिंग बुक (सुरुवातीच्या चालींची तयार फाइल) एकेक बाइट सुटा करून लिहायचं कशाला? अख्खा स्ट्रक्ट (सी भाषेतला रकान्यांचा गठ्ठा) एफराइटने फाइलीत टाका, एफरीडने उचला, वेगही वाढेल. पटावरच्या स्थितीची किल्ली (तिची ओळख सांगणारा आकडा) बनवायच्या यादृच्छिक आकड्यांची ती लांबलचक यादी छापण्यापेक्षा ठरलेला सीड (सुरुवातीचा आकडा) देऊन रँड (सीचं यादृच्छिक आकडे देणारं फंक्शन) चालवा. आणि शेवटी, माझ्या कोडमध्येच चूक आहे.

चुकीचं आधी, कारण ती खरी आहे. किल्लीचा पहिला बाइट मी थेट ५६ बिट डावीकडे सरकवला. सीमध्ये त्या बाइटचा आधी इंट (साधा पूर्णांक) होतो, तोही ३२ बिटांचा. पुढे काय निघेल याची हमी नाही. आधी ६४ बिटांत कास्ट करायला (बदलून घ्यायला) हवं होतं. दुरुस्ती केली, आभार.

बाकी मात्र पटत नाही. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी. दोन्ही बरोबरच, पण ऐकलं त्याच क्रमाने उतरवलं तर बावन्न होतात. प्रोग्रामर फाब्यां लेतुझे यांच्या पॉलिग्लॉट या बुकाच्या फॉरमॅटमध्ये नियम पक्का आहे: दर नोंद १६ बाइटांची (८ किल्ली, २ चाल, २ वजन, ४ लर्न, म्हणजे शिकण्याची माहिती), आणि प्रत्येक आकड्याचा मोठा बाइट आधी. म्हणजे तुमचा लॅपटॉप लिटल-एंडियन असेल तर बाइट फिरवणं तुम्हालाच भाग आहे! बिग-एंडियन मशीनवाल्याला एक वेळ तुमचा एफरीड चालून जाईल.

आणि हे चुकलं तर कुणी ओरडत नाही, खरा त्रास तोच. माझ्याकडे एक जुना, बिग-एंडियन पॉवरपीसी मॅक होता. त्यावर तुमच्याच पद्धतीने स्वतःचं बुक लिहिलं आणि इंटेलवर आणलं. एरर नाही, क्रॅश नाही. किल्ली सापडत नाही म्हणून इंजिन गुपचूप स्वतः विचार करायला लागायचं. सिसिलियन ओपनिंगच्या पाचव्या चालीला घड्याळ खातंय म्हणून मी आठवडाभर सर्चमध्ये बग शोधत बसलो होतो.

वेगाचं म्हणाल तर दहा लाख नोंदींचं बुक १६ एमबीचं. बायनरी सर्चच्या (दर वेळी अर्धा भाग गाळत शोधायच्या) वीसेक पायऱ्या, त्याही एका चालीला एकदाच. शिवाय आजचे कंपायलर ते आठ शिफ्ट ओळखून बऱ्याचदा एकाच सूचनेत बसवतात.

बरं, एंडियनचा प्रश्न जगातून संपला असं धरू. (संपलेला नाही, आयबीएमच्या झेड मेनफ्रेमवर लिनक्स आजही बिग-एंडियनच आहे.) लर्नचा रकाना नको म्हणून तुम्ही काढलात; राहिले ८ + २ + २ = १२ बाइट. ३२ बिटांच्या इंटेल लिनक्सवर साइजऑफ (स्ट्रक्टचा आकार) १२ सांगेल, ६४ बिटांच्यावर १६, कारण तिथे कंपायलर शेवटी चार रिकामे बाइट भरतो. तेच कोड, त्याच कंपनीचा प्रोसेसर, एंडियनही तोच. तरीही दुसऱ्या नोंदीपासून सगळं सरकलेलं. ‘लाँग’ हा पूर्णांक वापरलात तर आणखी मजा: ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ८ बाइटांचा, विंडोजवर ४ चाच.

रँडचं तर नावच नको. तो आतून कसा चालावा हे सीचं प्रमाण सांगतच नाही. एकच सीड दिला तरी लिनक्स आणि विंडोजवर आकडे वेगळे, म्हणजे किल्ल्या वेगळ्या, म्हणजे बुक रद्दी. पॉलिग्लॉटचे ७८१ आकडे म्हणून तर छापून ठेवलेत: मोहऱ्यांचे ७६८, किल्लेकोटाचे ४, एन पासांचे (प्यादं मारायच्या खास नियमाचे) ८ आणि पाळीचा १. यादी दिसायला कंटाळवाणी आहे, कबूल.

तुमचं इंजिन पॉलिग्लॉट वाचतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक करून बघा. डाव मांडल्यावरच्या स्थितीची किल्ली हेक्समध्ये छापा. ४६ ३बी ९६ १८ १६ ९१ एफसी ९सी यायला हवी. नाही आली तर आधी पाळीचा आकडा तपासा. पॉलिग्लॉटमध्ये तो पांढऱ्याची पाळी असताना एक्सऑर होतो (किल्लीत बिटवार मिसळला जातो) आणि बरेच जण काळ्याला लावून बसतात. मीही लावला होता.