‘दहा मिनिटांच्या उशिरासाठी मुलीला तासभर बसवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या एरियल सिल्कच्या, म्हणजे वरून सोडलेल्या लांब कापडावर चढून कसरती करायच्या क्लासबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. मुलगी हिरमुसून घरी गेली, रात्री रडली, हे वाचून खरंच वाईट वाटलं. त्याबद्दल मनापासून सॉरी. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या दिवशी रागात लिहिलेलं उत्तर माझ्या मिस्टरांनी मला टाकू दिलं नाही.

तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत, की फक्त दहा मिनिटं उशीर झाला म्हणून सात वर्षांच्या मुलीला तासभर बसवून ठेवलं, पायाला तेल लावलं म्हणून सुनावलं, कापडाला लटकायचे तासाला ४०० रुपये घेतात, यापेक्षा मल्लखांब बरा, आणि ‘शेवटी सर्कसच ती, शिस्तीचा आव कशाला’. आता कुठलाही पालक आमचं नाव शोधतो तेव्हा त्याला सगळ्यात वर हेच दिसतं. परवा एका आईने ट्रायलला नाव दिलं होतं. सकाळी त्यांचा फोन, ‘राहू दे मॅडम, तुमच्याकडे मुलांना शिक्षा करतात असं वाचलं.’ म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबेल, पण वाचा.

आधी वेळेचं, कारण बाकी सगळं सोडून देईन पण हे नाही. दहा मिनिटं नव्हती ताई. बॅच पाचची. तुमची मुलगी आत आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच सत्तावीस झाले होते. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, हे मीच सांगते, तुमच्या मिस्टरांनीही त्याच मुद्द्यावर बराच वेळ घेतला. मुलांनी चप्पल-बूट काढून, पाणी पिऊन पाचच्या ठोक्याला मॅटवर यावं म्हणून ते मुद्दाम पुढे ठेवलंय. पाच वजा केले तरी बावीस मिनिटं होतात. गेटच्या कॅमेऱ्यातही पाच बावीसच दिसतंय, कधीही येऊन बघा. आणि पाच बावीसला आलेल्या मुलीला सहाला सुटणाऱ्या बॅचमध्ये मी तासभर कशी बसवणार? त्या दिवशी तुम्ही नव्हतात, मिस्टर घेऊन आले होते, त्यामुळे घरी पोचेपर्यंत बावीसचे दहा कसे झाले ते मी समजू शकते. सिंहगड रोडचं ट्रॅफिक मलाही चुकलेलं नाही. संतोष हॉलच्या चौकात मीसुद्धा रोज अडकते. पण बाकीची मुलंही त्याच रस्त्याने धायरीला येतात ना.

उशिरा आलेल्याला सिल्कवर का चढवत नाही, हे ॲडमिशनच्या वेळी सांगितलं होतं, फॉर्मवरही आहे. तरी पुन्हा सांगते. पहिली वीस मिनिटं आम्ही कोणालाच कापडाला हात लावू देत नाही. मनगटं फिरवणं, अस्वलचाल, दोरीउड्या, मग पाठीवर झोपून हात-पाय जमिनीपासून उचलून धरायचे. बाहेर बाकड्यावर बसलेल्या पालकांना हे शाळेतल्या पीटीसारखं दिसतं आणि त्यांना वाटतं, याचेच पैसे घेतात की काय. पण खांदा हा अंगातला सगळ्यात मोकळा सांधा. त्याची वाटी उथळ, तो जागेवर राहतो तो मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. मूल थंड अंगाने लटकलं की त्याचे खांदे सरळ कानाला जाऊन टेकतात आणि सगळं वजन स्नायूंऐवजी सांध्यावर येतं. म्हणून आम्ही आधी लटकून, कोपर न वाकवता, खांदे कानांपासून खाली ओढायला शिकवतो. पाहताना काहीच घडत नाही असं वाटतं, पण हे जमल्याशिवाय कोणाला उलटं होऊ देत नाही. सकाळच्या मोठ्यांच्या बॅचलाही हाच नियम आहे. तिथे तर लोक मीटिंग सोडून धावत येतात आणि उशीर झाला की मुकाट कोपऱ्यात स्ट्रेचिंग करतात.

आता त्या दिवशी नेमकं काय झालं तेही सांगते, कारण रिव्ह्यूमध्ये हा भाग नाही. तुमची मुलगी आली तेव्हा बॅचमधली दुसरी एक मुलगी फूट लॉकमध्ये उभी होती. म्हणजे पावलाभोवती कापडाचा आठ घालून त्याच्यावर उभं राहायचं. मॅटपासून साधारण माझ्या डोक्याच्या उंचीवर होती ती. तो आठ सोडवून स्वतःचा स्वतः खाली यायचा प्रयत्न ती पहिल्यांदाच करत होती. अंगठ्याने कापड खाली ढकलत होती, दुसरा पाय हवेत, हाताच्या मुठी पांढऱ्या पडलेल्या. आमची असिस्टंट खाली दोन्ही हात वर धरून, तिच्या कंबरेवर नजर लावून उभी. आणि तेवढ्यात तुमचे मिस्टर बुटांसकट मॅटवर आले, मोबाइल समोर धरलेला, ‘हिला पण चढवा ना पटकन, एक व्हिडिओ हवाय.’ असिस्टंटने वळून पाहिलं नाही, त्याला तुम्ही ‘स्टाफने दुर्लक्ष केलं’ असं म्हटलंय. तिने वळायलाच नको होतं हो! वर मूल असताना खाली उभ्या असलेल्या माणसाने मान फिरवायची नाही, हे मी तिला पहिल्या दिवशी शिकवलंय. शिवाय ती जाड मॅट पडणाऱ्यासाठी रिकामी ठेवायची असते. तिथे दुसरं कोणी उभं असलं तर पडणारा आणि उभा असलेला, दोघांनाही लागतं.

मग मी ओरडले. हो, ओरडले. माझा आवाज मुळातच मोठा, त्यात वर पत्रा आणि ते मोठाले पंखे. पण तो आवाज मुलीसाठी नव्हता, ती बिचारी कडेला बसून मोजे काढत होती. तिला वाटलं आपल्यालाच ओरडले, आणि तेवढ्यापुरतं मला फार वाईट वाटतं. नंतर तिच्याशी बोलायला गेले तोवर तुम्हा लोकांची गाडी निघालीही होती.

आणि ‘बसवून ठेवलं’ म्हणाल, तर तिने उरलेल्या वेळात पाय फाकवून पुढे वाकायचा सराव केला. तो बसूनच करतात. त्यानंतर भिंतीला पाय लावून हँडस्टँडही केला, आणि चांगला केला.

तेलाचं थोडक्यात. तुम्ही विचारलंत, मल्लखांबाला एरंडेल लावतात, मग इथे खोबरेल का चालत नाही. खांब लाकडाचा. अंग त्याच्यावर घासतं, सोलवटतं, म्हणून तेल चोळतात, आणि ते पुसताही येतं. कापडात तेल मुरलं की धुईपर्यंत तिथेच राहतं. तुमच्या मुलीचा पाय नाही घसरला, तरी तिच्यानंतर त्याच जागी हात धरणाऱ्या मुलीची पकड सुटते. सुनावलं नव्हतं, ओल्या टॉवेलने पुसून ये म्हटलं होतं. गुडघ्याखाली येणारी लेगिंग घालायला सांगतो तीही याच कापडासाठी. घसरताना ते गुडघ्यामागच्या कातडीला असं भाजतं की दोन दिवस पाय दुमडवत नाही.

फी महिन्याला ३,२००, आठ तासिका. तासाला ४०० होतात, तुमचा हिशोब बरोबर आहे. पण ते ‘कापड’ लक्ष्मी रोडवर मीटरवर मिळणारं नाही. नायलॉनचं एकच लांब कापड मधोमध दुमडून आठच्या आकड्यासारख्या धातूच्या कडीत अडकवलेलं असतं, त्याच्यावर स्विव्हल म्हणजे गोल फिरणारा जोड, त्याच्यावर कॅराबिनर म्हणजे बंद होणारा हूक. कॅराबिनरवर केएन, म्हणजे तो किती किलोन्यूटन ताण पेलतो ते, लिहिलेलं असतं, आमच्याकडे २२ च्या खालचा वापरत नाही. २२ म्हणजे सव्वादोन टनांचा ताण. वीस-बावीस किलोच्या मुलीला एवढं कशाला, असं तुमचे मिस्टर हसत म्हणाले होते. वरून सुटून कापडात अडकताना झटका वजनाच्या कितीतरी पट बसतो म्हणून, आणि त्याच हुकावर सकाळी ऐंशी किलोची माणसं लटकतात म्हणून. कापडाला बारीक भोक पडलं तरी ते काढून टाकतो, शिवत नाही. शिवाय एवढ्या उंचीची जागा सोसायटीच्या हॉलमध्ये मिळत नाही, शेडच घ्यावी लागते, आणि शेडचे मालक दर अकरा महिन्यांनी करार करताना काय करतात ते पुण्यात कोणाला सांगायला नको. कमी केली असती फी, परवडत असती तर.

मल्लखांब बरा म्हणालात, अगदी बरा. मी स्वतः दोरीच्या मल्लखांबातून आले. सुती दोरी, तिला गाठ मारायची नाही, पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पकडून वर जायचं. ते आयुष्यभर पुरतं. आज सिल्कवर मुलांना जे शिकवते त्यातलं निम्मं तिथलंच आहे. मुंबईत शिवाजी पार्कला मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही क्लासमध्ये पेढे वाटले होते. तेव्हा तुम्ही मुलीला मल्लखांबाला घातलंत तर मला आनंदच होईल. फक्त तिथेही बावीस मिनिटं उशिरा नेऊन बघा, माझ्या सरांनी तर गेटवरूनच परत पाठवलं असतं.

आणि शेवटचं वाक्य. ते मात्र लागलं. मी सांगली जिल्ह्यातली. १८८० साली देशातली पहिली सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे आमच्याकडच्या अंकलखोपचे. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, तासगावच्या परशुराम माळींची सर्कस, हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. झुल्यावरच्या माणसाने वेळ चुकवली तर समोरचा हात हवेतच राहतो. शिस्त नसलेली सर्कस एक खेळसुद्धा करू शकणार नाही. लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मनाई केली, ती योग्यच होती. आमच्याकडे कोणी मूल कामाला नाही. वर्षातून एकदा प्रात्यक्षिक असतं, तेही आई-बाबा आणि आजी-आजोबांसमोर, तिकीट नाही, चहा आमचाच.

तुमच्या सूचनांवर विचार चालू आहे. पालकांना बसायला आणखी बाकडी आणि एक पंखा बघतोय. व्हिडिओसाठी महिन्यातून एखादा दिवस ठेवता येईल का तेही बघू. उशिराचा मेसेज ग्रुपवर आधीपासून जास्त स्पष्ट टाकत जाऊ. पाचची बॅच सव्वापाचला करावी असंही मनात आहे, पण बाकीच्या पालकांना विचारल्याशिवाय शब्द देत नाही.

तुमच्या या महिन्याच्या तीन तासिका शिल्लक आहेत. मुलीला पाठवणार असाल तर त्या पुढच्या महिन्यात धरू. नसेल पाठवायचं तर तेवढे पैसे परत करते, ऑफिसच्या नंबरवर फक्त एक मेसेज टाका. ती पोरगी मात्र खरंच हुशार आहे, पकड उत्तम आहे, आणखी दोन-तीन आठवड्यांत तिचा पहिला फूट लॉक झाला असता. येणार असाल तर या वेळी शक्यतो तुम्हीच घेऊन या.

आणि हो, रिव्ह्यू नंतर बदलता येतो असं आमची असिस्टंट सांगत होती. आग्रह नाही. निदान ते ‘दहा मिनिटं’ तेवढं दुरुस्त कराल का?

– क्लासच्या संचालिका