चार बटणं आणि एक तुंबलेलं गटार

यंदा महापालिकेचं मतदान नेमकं करीच्या दिवशी आलं. १५ जानेवारी २०२६. करीला काही चांगलं काम काढू नये यावर आमच्या आईचा पक्का विश्वास. पण "मत द्यायला कसली कर अन् काय" म्हणत सकाळी साडेसातला ती साडी बदलून दारात उभी. वय अठ्ठ्याहत्तर. कोल्हापूर महापालिकेसाठी याआधीचं मत तिनं २०१५ ला दिलं होतं.

केंद्रात ती माझ्या पुढं होती. बोटावर मार्करनं रेघ ओढून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आली. मशीन गप्प.

"आज्जी, शिट्टी वाजली नाही. अजून तीन बटणं राहिल्यात."

"मी एकालाच वळखतो. बाकीच्यांचं काय करू?"

रांगेत हशा. टेबलावरच्या मॅडम मात्र शांत. "एका रंगाचं झालं. अजून तीन रंग आहेत. कोणच नको असलं तर त्या रंगातलं शेवटचं नोटाचं दाबा. पण चारही झाल्याशिवाय मशीन सोडत नाही."

आई परत आत गेली. चौथ्या बटणाला लांब शिट्टी वाजली. घराकडं येताना म्हणाली, "एकाला मनानं दिलं, तिघांना चिन्ह बघून दिलं."

ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून एका प्रभागात चार नगरसेवक निवडायच्या पद्धतीवर ही पोस्ट. मोठी होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढं जावं.

माझा छोटा प्रिंटिंगचा धंदा आहे. हँडबिल, फ्लेक्स, लग्नपत्रिका. निवडणूक म्हणजे आमची दिवाळी, त्यामुळं पाच वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही याचं दुःख मला दोन्ही बाजूंनी आहे. आमच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं राज्यघटनेत कलम २४३-यू मध्ये स्वच्छ लिहिलंय. आधी कोरोना आला, मग मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ओबीसी आरक्षणावरचा निकाल, मग तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयानंच राज्य निवडणूक आयोगाला निवडणुका घ्यायला सांगितलं. तोवर नगरसेवक नाहीत, कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाकडं. प्रशासक वाईट असतो असं नाही. पण तो आपल्या गल्लीत पायी फिरत नाही, अन् त्याला पुन्हा निवडून यायचं नसतं.

आता मुद्द्याचं. २०१५ ला कोल्हापुरात ८१ प्रभाग होते आणि ८१ नगरसेवक. यंदाही नगरसेवक ८१ च, पण प्रभाग २०. एकोणीस प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख. म्हणजे आधी एका नगरसेवकामागं पावणेसात हजार माणसं होती, आता एका प्रभागात सत्तावीस हजार. पुण्या-पिंपरीच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. त्यांचे चारचे प्रभाग २०१७ पासूनचेच, आणि आमच्यापेक्षा कितीतरी मोठे. आम्हाला हे नवीन होतं.

अजूनही भल्याभल्यांना वाटतं की प्रभागात सगळ्यात जास्त मतं मिळालेले पहिले चार निवडून येतात. तसं नाही. प्रभाग एक असला तरी आत चार वेगळ्या निवडणुका असतात: अ, ब, क आणि ड. प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे, मतपत्रिकेचा रंग वेगळा आणि मोजणीही वेगळी. अ मधला पडलेला उमेदवार ड मधल्या विजेत्यापेक्षा जास्त मतं घेऊन घरी बसू शकतो. चार मतं चार पक्षांना दिली तरी चालतात. पण पक्षांनी असं कुणी करू नये याची पुरती सोय केलेली असते, आणि ती सोय मीच छापतो. एका कागदावर चार फोटो, चार रंगांच्या पट्ट्या, चारींपुढं एकच चिन्ह आणि खाली "चारही बटणं आपलीच". यंदा असं किती छापलं त्याचा आकडा नियमानं प्रत्येक हँडबिलाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाच्या नावासोबत आहेच.

त्या चार फोटोंत एक गडी तगडा असतो. उरलेले तीन त्याच्या गाडीत बसवलेले. एकदा प्रूफ तपासताना मी कार्यकर्त्याला विचारलं, "ब मधल्या ह्या वहिनी कोण?" तो म्हणाला, "नाव वाचा की, लिहिलंय." त्यालाही माहीत नव्हतं.

माझा एक दोस्त अपक्ष उभा राहिला. चांगला माणूस. पेठेत कुणाचं मयत असो की कुणाला रक्त पाहिजे असो, पहिला फोन त्याला जातो. २०१५ सारखा प्रभाग असता तर त्यानं घाम फोडला असता. अर्ज भरायला मीच त्याच्यासोबत होतो, सूचक म्हणून. उमेदवार शहरातल्या कुठल्याही प्रभागातला मतदार चालतो, सूचक आणि अनुमोदक मात्र त्याच प्रभागातले लागतात. वय २१ पूर्ण पाहिजे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नसावं. महापालिकेची थकबाकी नसावी, महापालिकेचा ठेका अंगावर नसावा. घरात शौचालय आहे आणि ते वापरतो, हेसुद्धा लिहून द्यावं लागतं. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळ्याचं शपथपत्र. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. राखीव जागा असेल तर जात पडताळणीचं लचांड वेगळं. दोस्ताच्या फायलीत एवढे कागद झाले की टेबलावरचे साहेब म्हणाले, "घर घ्यायला आलाय की निवडणूक लढवायला?"

हे सगळं ठीक आहे. कागद मागावेतच. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

३० डिसेंबरला अर्ज भरायची मुदत संपली. माघारीची तारीख २ जानेवारी. चिन्ह मिळालं ३ जानेवारीला. प्रचार संपला १३ तारखेच्या संध्याकाळी. म्हणजे सत्तावीस हजार लोकांच्या वस्तीत आपलं चिन्ह घरोघरी पोचवायला अपक्षाच्या हातात दहा-अकरा दिवस. पक्षवाल्याचं चिन्ह लोकांना आधीपासून पाठ. त्यात आईसारखी माणसं तीन बटणं चिन्ह बघून दाबणार आणि बहुतेक लोक चारही तशीच दाबणार. चार ठिकाणी एकच चिन्ह शोधणं सोपं; मध्येच कुठंतरी वेगळं चिन्ह हुडकणं अवघड. दोस्त दारोदार सांगत होता, "तीन कुणालाही द्या, ड मध्ये मला द्या." लोक प्रेमानं हो म्हणायचे आणि विचारायचे, "ड म्हंजे कुठला रंग?"

खर्चाची मर्यादा बघा. आमच्या महापालिकेत उमेदवाराला नऊ लाख. मुंबई, पुणे, नागपूरला पंधरा. वाटतं सगळ्यांना सारखीच. पण पॅनेलमध्ये, म्हणजे एका पक्षाच्या गटात, चार उमेदवार एकाच वस्तीत, एकाच फ्लेक्सवर, एकाच रिक्षावर फिरतात आणि खर्च चौघांत वाटला जातो. कायद्यानंच त्यांच्याकडं छत्तीस लाख झाले. अपक्षाला तेवढाच भाग, तेवढीच घरं आणि नऊ लाख. तेही असतील तर. दोस्तानं सव्वादोन लाख घातले, त्यातले काही बायकोच्या सोन्याचे. हँडबिलं मी कागदाच्या दरात दिली. तीसुद्धा पावती करून, कारण रोजचा हिशोब द्यावा लागतो आणि चहापासून खुर्चीपर्यंत सगळ्याचे दर ठरवून दिलेले असतात.

त्याला आठशे बारा मतं पडली. अनामत गेली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सांगायला लोक टपलेत. एकाचा प्रभाग म्हणजे रामराज्य नव्हतं. दोन हजार मतांत माणूस निवडून यायचा, त्यामुळं घर टू घर पाकिटं पोचवणं सोपं होतं. गल्लीतला दादा नगरसेवक व्हायचा. समोरच्या गल्लीनं मत दिलं नाही म्हणून तिथला रस्ता पाच वर्षं तसाच. कोल्हापूर महापालिकेत 'कारभारी' म्हणजे पडद्यामागून सूत्रं हलवणारा, हे इथल्या माणसाला सांगायला नको. महापौरपदाचे तुकडे करून काही-काही महिन्यांसाठी वाटलेले आपण बघितलेत. आणि सोडतीत प्रभाग महिलांसाठी निघाला की साहेब लगेच बायकोचा फोटो घेऊन माझ्या दुकानात. फ्लेक्सवर वहिनींचा फोटो छोटा, साहेबांचा मोठा. चारच्या प्रभागात किमान दोन जागा महिलांच्या असतातच, त्यामुळं आरक्षणाच्या सोडतीचा जुगार कमी झाला हे मी मान्य करतो. काही बायका यंदा खरोखर स्वतः फिरल्या, स्वतः बोलल्या.

पण ही पद्धत लोकांच्या भल्यासाठी आणली म्हणाल तर तिचा इतिहास बघा. राज्यातल्या महापालिकांत २००२ ला तीनचा प्रभाग. २००७ ला एकाचा. २०१२ ला दोनचा. २०१७ ला चारचा. २०१९ ला सरकार बदललं आणि पुन्हा एकाचा ठरला. २०२१ मध्ये त्याच सरकारनं तीनचा केला. २०२२ मध्ये पुढचं सरकार आलं आणि पुन्हा चारचा. निवडणूक एकही झाली नाही, पद्धत तीनदा बदलली. मुंबईत मात्र या सगळ्या काळात एका प्रभागाला एकच नगरसेवक, २२७ प्रभाग. चारच्या प्रभागानं विकासाचा दृष्टिकोन व्यापक होतो म्हणतात. तसं असेल तर देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेला त्या व्यापक दृष्टिकोनापासून का वंचित ठेवलंय? यावर कुणाकडं सरळ उत्तर असेल तर खाली लिहा. मी खरंच वाचणार आहे.

मतदार यादीबद्दल थोडक्यात. महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेतात आणि प्रभागांप्रमाणं फोडतात. यंदा १ जुलै २०२५ ची यादी घेतली. माझ्या पुतण्याला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली, त्याचं मत हुकलं. फोडताना शेजारच्या इमारतीतली अकरा नावं रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेली. हरकतीची मुदत असते, पण यादी बघायला जातो कोण? आपण नाव शोधतो मतदानाच्या दिवशी, ऊन चढल्यावर.

तर गटार. दुकानाच्या कोपऱ्यावरचं गटार गेल्या आठवड्यात तुंबलं. पूर्वी असं झालं की मी नगरसेवकाच्या घरी जायचो. आमच्याच बोळात राहायचा. शिव्या दिल्या तरी दुपारपर्यंत माणूस पाठवायचा, कारण संध्याकाळी त्याला त्याच बोळातून घरी जायचं असायचं. आता चार नंबर. पहिल्याला फोन लावला. आवाज गोड. म्हणाले, "साहेब, तो भाग माझ्याकडं नाही. आम्ही चौघांनी प्रभाग वाटून घेतलाय. चौकाच्या अलीकडचं सगळं क मधल्या ताई बघतात."

मी फोन ठेवून हसत बसलो. कायद्यानं चौघंही सगळ्या प्रभागाचे. त्यांनी निवडून आल्याबरोबर काय केलं? प्रभागाचे चार तुकडे. म्हणजे एका नगरसेवकाचा प्रभाग त्यांनाही पाहिजेच आहे. फक्त कुठला तुकडा कुणाला द्यायचा ते आम्हाला विचारायचं नाही. आमच्या वाट्याला कोण आलं ते त्यांच्या बैठकीत ठरलं, मतपेटीत नव्हे.

ताईंना फोन केला. त्यांच्या मिस्टरांनी उचलला.

गटार अजून तुंबलेलंच आहे. आईनं विचारलं, "क वाल्या ताई म्हंजे कुठली गं बाई?" मी शिल्लक राहिलेलं पॅनेलचं हँडबिल आणून तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाली, "हिलाबी मत दिलंय होय मी?"

दोस्ताची हँडबिलंही दुकानात पडून होती, दीड-दोन हजार तरी. एका बाजूनं कोरी. परवा कटिंग मशीनवर चार तुकडे करून त्यांची पॅडं बांधली. एक आईला दिलं. ती त्यावर दुधाचा हिशोब लिहिते.