करी रोड, मॉरिशस

चक्रीवादळाचा क्लास थ्री इशारा लागला की इथे कुणी घराबाहेर पडत नाही. फॅक्टरी बंद, बस बंद, दारंखिडक्या गच्च लावलेल्या, आणि हातात फोन. त्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी मुंबईच्या स्टेशनांचा विषय पुन्हा उकरून काढला. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने इंग्रजी नावं बदलायचं ठरवलं: करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी. मी एवढंच विचारलं की, त्याने लोकलची गर्दी कमी होणार आहे का? लगेच एकाने सुनावलं, ‘तू कर तिकडे साहेबाची चाकरी. गुलामीच्या खुणा आम्हाला पुसू दे.’

साहेब? माझ्या साहेबाचे पूर्वज बिहारहून ऊस तोडायला आले होते. आणि खुणा पुसायच्याच ठरवल्या तर या बेटावर पाटी म्हणून उरणार नाही. १५९८ मध्ये डच आले, आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या नावाने बेट करून बसले. ऊस आणला, हरणं आणली, एबनीची झाडं तोडली, डोडो संपवला आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्याला ‘इल द फ्रान्स’ केलं. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं, नाव परत डचांचं लावलं, पण लोकांची भाषा, कायदे, धर्म यांना हात लावणार नाही असं शरणागतीच्या तहातच कबूल केलं. म्हणून आज विधानसभेची भाषा इंग्रजी, पेपर फ्रेंच आणि बोलणं क्रिओल. पोर्ट लुईच्या बंदरासमोर फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने उभा आहे, तिथून सरळ वर गेलं की व्हिक्टोरिया राणी. कबुतरं दोघांवर सारखीच बसतात. आजूबाजूच्या बेटांचं मास्करेन हे नाव ज्या पोर्तुगीजावरून पडलं, तो पेद्रू मास्करेन्हस पुढे गोव्यात व्हाइसरॉय होता. कुणाकुणाला पुसणार?

हे सगळं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. वर ‘जरा जग बघा’ असंही लिहिलं. लिहायला नको होतं.

वादळ ओसरल्यावर डाईंगच्या लॅबमध्ये हीच फुशारकी मारत होतो. तिथली आमची एक बाई मूळची मराठी, म्हणजे तिच्या घरात पाच पिढ्यांपूर्वी मराठी बोलत. तिचं आडनाव हे खरं तर तिच्या खापरपणजोबांचं पाळण्यातलं नाव. कारकुनाने ऐकलं तसं फ्रेंच वळणाने लिहून घेतलं. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. ती आरती पाठ म्हणते, अर्थ मला विचारते. तिने कापडाचा तुकडा दिव्याखाली धरला, शेड जुळते का पाहिली आणि म्हणाली, ‘आम्हीही बदललं की. तो कुली घाट होता.’

आजचा आप्रवासी घाट, पोर्ट लुईच्या बंदरातली मजूर उतरवायची जागा. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख मजूर या बेटावर उतरले, त्यातले कितीतरी त्या पायऱ्या चढून. उसाच्या शेतांमधून काळ्या दगडांचे मनोऱ्यासारखे ढीग दिसतात. ज्वालामुखीचं बेट, नांगर धरण्याआधी दगड वेचावे लागत. ते त्यांनी वेचले. ‘माझ्या आजीला कुली म्हणून हाक मारायचे,’ ती म्हणाली, ‘तुला कधी करी म्हणून हाक मारली का कुणी?’

आणखी एक तिने ऐकवलं. या बेटावर मुळात कुणी राहतच नव्हतं, मग परक्यांनी पुसायला जुनं नाव होतं कुठे? लालबाग मात्र होतं.

हे मी ग्रुपवर टाकलेलं नाही.

टाकणार तरी कुठल्या तोंडाने? बाबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर परत खात्यात गेलेच नाहीत. मी कापडाचंच शिकलो आणि कापडामागे इथवर आलो. चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा खोली विकायच्या कागदावर सही करून मी तो कुरियरने पाठवला, स्वतः गेलोही नाही. आता करी रोडवर माझी एक वीटही नाही, फक्त ते नाव आहे. ते तिथे राहावं म्हणून मी डच, फ्रेंच, इंग्रज सगळे साक्षीला आणले.

इथे पहिल्या आठवड्यात तिने गाव विचारलं होतं. मी म्हटलं, करी रोड. इथे कालवणाला ‘कारी’ म्हणतात. ‘कारी?’ म्हणून ती इतकी हसली, की जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लॅबला कळलं. तेव्हापासून ढोल पुरीच्या रांगेत कुणी ना कुणी विचारतंच, कारीचा रस्ता काय म्हणतो? लालबाग म्हटलं तर इथे कुणाला काही कळणार नाही.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. ‘कारी रोडला?’ तिने विचारलं. हो म्हणालो.