‘एकदा बनवा, आयुष्यभर विका’ हा दावा टिकत नाही

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर एक दावा सतत फिरतो आहे: कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपवर एखादा प्लॅनर किंवा टेम्प्लेट (मजकूर बदलून वापरायचा तयार नमुना) बनवा, एट्सी किंवा गमरोड या ऑनलाइन बाजारांत टाका, खर्च शून्य, गिऱ्हाईक आपोआप येतं, झोपेतही पैसे जमा होतात. बनवता येत नसेल तर ९९ रुपयांचा ‘रीसेल राइट्स’वाला, म्हणजे पुन्हा विकायच्या हक्कासकट मिळणारा, तयार फाइलींचा बंडल घ्या आणि तोच विका. यावर विश्वास ठेवून नोकरीच्या शोधात असलेली मुलं आणि घरबसल्या काही करू पाहणाऱ्या बायका खिशातले पैसे घालतात, म्हणून हे सविस्तर खोडून काढायला हवं. डिजिटल वस्तू विकून लोक कमावतात, यात वाद नाही. पण ती कमाई अशी होत नाही.

‘गिऱ्हाईक आपोआप येतं.’ सगळ्यात चुकीचं विधान हेच, आणि ते खोटं ठरवायला या बाजारांचं दरपत्रक पुरेसं आहे. गमरोडवर तुम्ही स्वतःच्या लिंकवरून माल विकलात तर १० टक्के आणि वर ५० सेंट कापले जातात. तेच गिऱ्हाईक गमरोडच्या ‘डिस्कव्हर’ विभागातून आलं तर ३० टक्के. ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या युडेमीवर शिक्षकाने स्वतःच्या कूपनवर विद्यार्थी आणला तर त्याला ९७ टक्के मिळतात. युडेमीने आणला तर ३७. कोर्स तोच, व्हिडिओ तेच. मधले ६० टक्के निव्वळ विद्यार्थी शोधून आणण्याचे. एट्सीने बाहेर केलेल्या जाहिरातीतून विक्री झाली तर छोट्या दुकानदाराचे आणखी १५ टक्के जातात. या धंद्यात फाइल बनवणं स्वस्त आहे, महाग आहे ते गिऱ्हाईक, आणि बाजार चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. रील बनवणारा मात्र फक्त फाइल कशी बनवायची तेच शिकवतो.

‘खर्च शून्य.’ एट्सीवर एक वस्तू मांडायला २० सेंट लागतात आणि ती मांडणी चार महिने चालते. वस्तू विकली गेली की ती पुन्हा मांडायचे आणखी २० सेंट. विक्रीवर ६.५ टक्के, पेमेंटचं शुल्क वेगळं. ‘किंमत कमी ठेवा, खप वाढेल’ हा सल्ला तर घातकच. गमरोडवर एक डॉलरची फाइल विकली तर वरच्या हिशोबाने ६० सेंट तिथेच जातात.

‘एकदा बनवलं की काम संपलं.’ मराठी लग्नपत्रिकांच्या फाइल विकणाऱ्या कुणालाही विचारून बघा. गिऱ्हाईक पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडतं, नाव बदलायला जातं आणि मजकूर बिघडतो. मूळ फाइल जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट त्याच्याकडे नसेल, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरं आणि भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोड असला तरी फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते. उपाय दोन मिनिटांचा आहे, पण तो प्रत्येकाला नव्याने सांगावा लागतो, तोही ऐन लग्नसराईत, रात्री अकरा वाजता, कारण सकाळी पत्रिका छापायला जायची असते. उत्तर उशिरा दिलं तर पैसे परत मागतात किंवा एक स्टार देऊन जातात, आणि त्या एका स्टारमुळे पुढचं गिऱ्हाईक बिचकतं.

‘आयुष्यभर’चंही तेच. एप्रिल २०२२मध्ये एट्सीने आपला वाटा ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केला. हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली, तरी दर तोच राहिला. जागा दुसऱ्याची, नियमही दुसऱ्याचे.

‘ऑनलाइन कमाईवर कर नाही.’ आहे. टीडीएस कापला गेला नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त झालं, असं होत नाही.

आता तो ९९ रुपयांचा बंडल. राग येतो तो इथे. कॅनव्हावरचे फोटो आणि चित्रं जशीच्या तशी पुन्हा विकायला कॅनव्हाचीच परवानगी नाही. एआयला द्यायच्या प्रॉम्प्टचे (लेखी सूचनांचे) बंडल विकायला एट्सीने २०२४मध्ये बंदी घातली. आणि मराठीत फिरणाऱ्या बंडलांमध्ये तर सर्रास पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ असतात, त्यात हयात लेखकांची पुस्तकंही आली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ‘मला विकत मिळालं म्हणून मी विकलं’ एवढ्याने सुटका होत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, हजार प्रतींची आवृत्ती खपवताना घाम फुटणाऱ्या मराठी प्रकाशकाच्या आणि लेखकाच्या ताटातला हा घास आहे.

त्यामुळे बंडल विकणाऱ्याला आधी विचारा: मूळ हक्क कुणाचा आहे, आणि पुन्हा विकायची परवानगी त्याने कुठे लिहून दिली आहे? लेखी उत्तर मिळालं नाही तर ती फाइल विकू नका, आणि ग्रुपवर पुढेही पाठवू नका.