बिग जॉन पॅटनचा ‘लेट एम रोल’: ऑर्गनवाला साथ कशी करतो ते ऐका

जॅझमधल्या ऑर्गनचा विषय निघाला की गप्पा ऑर्गनवादक जिमी स्मिथपासून सुरू होतात आणि बहुतेकदा तिथेच संपतात. फार तर दुसरा ऑर्गनवाला लॅरी यंग याच्या ‘युनिटी’ या रेकॉर्डपर्यंत जातात. दोघेही थोरच आहेत, वाद नाही. पण ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीच्या ४२३९ क्रमांकाच्या एलपीचं नाव क्वचितच कुणी घेतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बिग जॉन पॅटनचा ‘लेट एम रोल’. माझ्या मते सोल जॅझमधल्या, म्हणजे ब्लूज आणि गॉस्पेलच्या वळणाच्या ठेकेदार जॅझमधल्या, सगळ्यात सुंदर रेकॉर्ड्सपैकी एक.

११ डिसेंबर १९६५ रोजी एंगलवूड क्लिफ्समध्ये, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत हे रेकॉर्डिंग झालं. (न्यू जर्सीत इतकी मराठी माणसं राहतो, पण हा स्टुडिओ आपल्याच राज्यात आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.) वाजवणारे चौघंच. ऑर्गनवर पॅटन, गिटारवर ग्रँट ग्रीन, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) बॉबी हचरसन आणि ड्रम्सवर ओटिस फिंच. सॅक्सोफोन नाही. बेसवालाही नाही, कारण अशा मेळात बेसची बाजू ऑर्गनवालाच सांभाळतो. डावा हात आणि पायाखालची पेडल्स मिळून तो खालचा सूर चालता ठेवतात आणि उजवा हात वर गातो.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. तो ऑर्गन पायाने हवा भरून वाजायचा. जॅझवाल्यांच्या हॅमंड बी-३ या विजेच्या ऑर्गनमध्ये हवेचा संबंधच नाही. आत मोटरवर धातूच्या दातेरी चकत्या फिरत असतात, प्रत्येकीसमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं आणि त्यातून सूर तयार होतो. असे एक्क्याण्णव. पट्टी दाबताक्षणी एक बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो. कंपनीला तो दोष वाटायचा, वादकांनी मात्र तो जिवापाड जपला. पॅटनच्या बोटांत हा ‘टक्’ तालाचंच काम करतो.

पॅटन मूळचा कॅन्सस सिटीचा, पियानोवाला. १९५४ ते १९५९ गायक लॉइड प्राइसच्या बँडमध्ये होता. मग न्यूयॉर्कला येऊन ऑर्गनकडे वळला आणि सॅक्सोफोनवाल्या लू डोनाल्डसनच्या मागे बसून वाजवू लागला. म्हणजे नाव होण्याआधीची इतकी वर्षं दुसऱ्यांना साथ करण्यात गेली, आणि या रेकॉर्डचं सगळं मोठेपण मला तिथूनच आलेलं दिसतं. नाव त्याचं आहे, पण ग्रीन वाजवायला लागला की पॅटन मागे सरतो आणि दोन-तीन सुरांचे छोटे तुकडे नेमके मोकळ्या जागेत टाकत राहतो. ग्रीन एकेरी सुरांत बोलणारा गिटारवाला, त्याला अशी मोकळी जागा लागतेच. ऑर्गनच्या हातात सगळी खोली आवाजाने भरून टाकायची ताकद असते. ती असताना हा माणूस ती वापरत नाही, हे ऐकताना मला दरवेळी त्याच्याबद्दल आदर वाटतो.

आणि हचरसन! ऑर्गनच्या रेकॉर्डवर व्हायब्राफोन फार कमी वेळा सापडतो, कारण दोन्ही वाद्यं रेंगाळणाऱ्या आवाजाची. व्हायब्राफोनच्या नळ्यांत छोटे पंखे फिरतात, हॅमंडला सहसा जोडलेल्या लेस्ली स्पीकरमध्ये भोंगा फिरतो. दोन्हीकडे सूर थरथरतो आणि एकात एक मिसळून चिखल व्हायची भीती असते. इथे तसं कुठेही होत नाही. ‘लाटोना’ लावा. लॅटिन चालीचा ठेका, वर धातूचे स्वच्छ ठोके आणि खाली पॅटनचा न थकणारा डावा हात.

हा तोच हचरसन, जो १९६४ मध्ये एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’वर होता. जॅझमधल्या सगळ्यात अवघड, धाडसी रेकॉर्ड्समध्ये ती गणली जाते. सोल जॅझ म्हणजे बारमधलं, नाचायचं, हलकंफुलकं संगीत असं मानून जाणकारांनी त्याला बरीच वर्षं बाजूला ठेवलं. नेवार्क, फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या बारमध्ये लोक दिवसभराचं काम उरकून हे ऐकायला यायचे, आणि तेच जणू त्याचं उणेपण ठरलं. मला हे पटलेलं नाही. हचरसनला त्या दोन जगांत भिंत दिसली नाही, मग आपण ती का बांधायची?

सहाही रचना सारख्या उंचीच्या आहेत असं मी म्हणणार नाही. ‘द शॅडो ऑफ युअर स्माइल’ तेव्हा नव्या सिनेमातलं ताजं गाणं होतं. इथे ते गोड झालंय, पण बाकीच्यांइतकं खोल जात नाही. दुसऱ्या बाजूची सुरुवात मात्र सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीने रचलेल्या ‘द टर्नअराउंड’ने होते आणि तिथे चौघं अशी काही लय पकडतात की बसून राहणं कठीण. फिंच झांजेवर किती हलका हात ठेवतो ते मुद्दाम ऐका.

मूळ प्रत महाग पडते, नंतर छापलेली मिळाली तरी जरूर घ्या. मोबाइलच्या स्पीकरवर पॅटनचा डावा हात जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे निदान बरा हेडफोन तरी हवाच. आवडली तर पुढे ‘अ‍ॅक्सेंट ऑन द ब्लूज’ शोधा. १९६९ च्या त्या रेकॉर्डवर गिटारला जेम्स ब्लड अल्मर आहे, जो पुढे फ्री जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनबरोबर वाजवायला गेला.