‘मुलांशी खेळायचा पगार’ या कमेंटला उत्तर

सर, तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर टाईप करायला घेतलं होतं, पण मिस्टर म्हणाले सकाळी लिही, म्हणून थांबले. आता शांतपणे लिहितेय, निदान सुरुवात तरी.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. मी बालवाडीत शिकवते. सर हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत, असं त्यांनीच लिहिलंय. त्यांचं म्हणणं, ‘ताई राग मानू नका, पण दिवसभर मुलांशी खेळायचा पगार घ्यायचा आणि वर स्वतःला लीड टीचर म्हणवून घ्यायचं, हे जरा जास्तच होतंय.’ पुढे, त्यांचा नातू पाच वर्षांचा झाला (आमच्या शाळेत नाही हं तो) तरी त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, फी मात्र कॉलेजसारखी, आणि माझी मागची पोस्ट फार लांबलचक होती.

पोस्ट लांब होती, मान्य आहे.

पण सर, ‘राग मानू नका’ म्हणून हसरी स्मायली टाकली की पुढे काहीही लिहायला परवानगी मिळते का? तुमच्या शाळेत नववीच्या गणिताच्या सरांना कुणी पालकाने असं म्हटलं असतं तर तुम्ही त्याला केबिनमध्ये बसवून चहा पाजला असता? आम्हाला मात्र लग्नात, बसमध्ये, भाजी घेताना कुणीही म्हणतं, बरंय तुमचं, गाणी म्हणायची आणि डबे उघडून द्यायचे. डबे उघडून देतेच मी, त्यात लाज कसली. घट्ट झाकणाचा डबा ज्याला उघडता येत नाही तो लाजून उपाशी बसतो आणि घरी आई म्हणते मुलगा जेवत नाही, हे ज्या दिवशी लक्षात येतं त्या दिवसाचं ते काम असतं.

आणि पगाराचं म्हणालात म्हणून सांगते. माझी आई तासगावजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. १९७५ साली ही अंगणवाडीची योजना सुरू झाली आणि अजूनही सेविकेला पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून बायका सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या तेव्हा कुठे २०२२ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. आई वजनं करायची, आहार वाटायची, गरोदर बायकांच्या घरी जायची, रजिस्टरं रात्री लिहायची, आणि एवढं करून पोरांना बडबडगीतंही शिकवायची. तिलाही गावातले एक गुरुजी हेच म्हणायचे. ती गप्प बसायची. मी बसत नाही, स्वभाव वडिलांवर गेलाय.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं ते काय गणित शिकवून मिळालं का ओ? बोर्डीला आणि मग कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ मुलांशी खेळतच होत्या की. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली त्यांनी. तुम्ही बीएडला वाचलं असेलच.

आता खेळायचं काय असतं ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, नंतर शाळा भरली तेव्हा आमच्या वर्गात गावभागातून येणारी मुलं होती. त्यांनी सतरंजीची बोट केली. रोज तेच, दुसरं काही खेळायलाच तयार नाहीत. मदतनीस ताई वैतागली, म्हणाली बंद करा आता हे, मलाही मोठ्या गटाचं ठसेकाम राहिलं होतं, पण मी म्हटलं खेळू दे, आपण फक्त बघूया. बघताना कळलं की एक मुलगा रोज सगळ्यांना बोटीत घेतो आणि जी मुलगी आजी झालीय तिला म्हणतो, तू पुढच्या फेरीला. रोज. त्याच्या आईला विचारलं तर तिला रडूच फुटलं, आजी दुसऱ्या बोटीतून गेली होती आणि रात्रीपर्यंत कुठल्या कॅम्पात आहे ते कुणाला कळलं नव्हतं. पोरगं घरी त्याबद्दल एक शब्द बोललं नव्हतं. मग आजीच एकदा वर्गात येऊन बसली, सतरंजीवर. त्यानंतर खेळ आपोआप मागे पडला. हे निरीक्षण वहीत लिहायचं, आईशी कसं बोलायचं ते ठरवायचं, ताईला समजावायचं आणि उरलेला वर्ग त्याच वेळी सांभाळायचा, याला आमच्या शाळेत लीड टीचर म्हणतात. तुम्ही दुसरं काही म्हणा.

बरं, आणि कुणी कुणाला चावलं की दोन्ही आयांना फोन मीच करते. तो फोन तुम्ही एकदा करून बघा सर. चावणाऱ्याच्या आईला वाटतं आपण तिच्या संस्कारांवर बोललो, आणि दुसरी संध्याकाळपर्यंत दंडाचा फोटो ग्रुपवर टाकून मोकळी.

नातवाच्या लिहिण्याबद्दल फार बोलत नाही, मी त्याला पाहिलेलं नाही. मनगटातली हाडं त्या वयात अजून पक्की झालेली नसतात, त्यातलं शेवटचं तर नऊ-दहा वर्षांच्या आसपास धरतं, म्हणून आधी कणीक, माती, मणी ओवणं, कागद फाडणं आणि मग पेन्सिल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय. तुम्ही मुख्याध्यापक होतात, तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे अवघडच आहे. तरी तो सहाचा झाला आणि काळजी वाटली तर त्याच्या ताईंना भेटा, पण त्याला शेजारी उभं करून ‘याला काहीच येत नाही’ म्हणू नका.

फी मी ठरवत नाही. ऑफिसला विचारा, साडेदहा ते एक उघडं असतं.