पाय धुवून काय होणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

लसिकासंस्थेवरच्या, म्हणजे रक्तातून झिरपलेला द्रव (लसिका) परत रक्तात नेणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही चिडून लिहिलंत, आणि ती चीड रास्त आहे. तुमची बहीण सोलापुरात पूर्व भागात विड्या वळते, तिचा उजवा पाय कैक वर्षं सुजलेला आहे, आणि माझ्या लेखात उपाय काय, तर पाय रोज साबणाने धुवा. "हत्तीपाय पूर्ण बरा होत नाही असं तुम्हीच लिहिता, मग धुवून काय होणार? आणि लसिकेला हृदयासारखा पंप नाही म्हणता, मग ती पायातून वर चढते कशी?" असं तुम्ही विचारलंत. दुसरा प्रश्न आधी घेते, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

मध्यवर्ती पंप नाही, हे खरंच. पण लसिकावाहिन्या म्हणजे नुसत्या नळ्या नव्हेत. रक्ताच्या केशवाहिन्यांतून जो द्रव बाहेर झिरपतो, तो गोळा करणाऱ्या सगळ्यांत बारीक लसिकावाहिन्या एका टोकाला बंद असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर द्रव साठला की त्या आतल्या बाजूला उघडतात, आणि आत आलेलं सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. पुढच्या मोठ्या वाहिन्यांत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात, आणि दोन झडपांमधला तुकडा स्वतःच आकुंचन पावून लसिका वरच्या तुकड्यात ढकलतो. पोटरीचे स्नायू आणि श्वास यांचाही हातभार लागतो. अशी ती जांघेतल्या लसिकागाठींतून पोटात, तिथून छातीतल्या मुख्य वाहिनीने वर जाऊन मानेच्या मुळाशी डाव्या बाजूच्या शिरेत मिळते. उजव्या पायाची लसिकासुद्धा डावीकडेच.

हत्तीरोगाचे दोऱ्यासारखे जंत राहतात ते याच वाहिन्यांत, वर्षानुवर्षं. वाहिनी फुगते, झडपा नीट मिटत नाहीत, ढकललेली लसिका मागे येते. साठलेल्या द्रवात प्रथिनं असतात आणि ती पाणी धरून ठेवतात. म्हणून मीठ तोडून, पाणी कमी पिऊन किंवा लघवीची गोळी घेऊन ही सूज उतरत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारातली सूज वेगळी. ती बहुधा दोन्ही पायांवर येते.

आता पाय धुण्याचं. पायात काटा मोडून चिघळला की जांघेत अवधान येतं, म्हणजे तिथली गाठ सुजून दुखते, हे तुम्ही पाहिलेलं असणार. जखमेतले जंतू लसिकेबरोबर गाठीपर्यंत पोचतात आणि तिथे पांढऱ्या पेशी त्यांना गाठतात. सुजलेल्या पायात हा रस्ताच तुंबलेला असतो. बोटांच्या बेचकीत साधी चीर पडली तरी जंतू आत शिरून त्या साठलेल्या द्रवात वाढतात. मग थंडी वाजून ताप, पाय लालभडक, हात लावू देत नाही. अशा प्रत्येक झटक्यानंतर आणखी वाहिन्या खराब होतात, कातडी जाड होते, पाय अजून वाढतो. हत्तीपाय वाढतो तो मुख्यतः या झटक्यांमुळे, काका, आणि ते थांबवणं आपल्या हातात आहे. सुरुवातीची सूज यामुळे उतरूही शकते. जुना, कडक झालेला पाय फारसा बारीक होणार नाही, पण झटके कमी होतात, बाई कामाला बसू शकते. मला हे फार मोठं वाटतं.

धुवायचं ते साध्या पाण्याने. कढत पाणी नको, ब्रश नको. प्रत्येक बेचकी बोटाने उघडून साबण लावायचा, आणि मऊ फडक्याने ती पूर्ण कोरडी करायची. ओली राहिली की बुरशी येते आणि चीर पडते. सूप पुढ्यात घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसल्यावर पोटरी हलतच नाही, म्हणून मधूनमधून पाय लांब करून पंजा वर-खाली करायला सांगा. रात्री पायाखाली उशी.

सूज नसलेल्यांना सरकारी गोळ्या कशाला, हेही तुम्ही विचारलंत. सोलापूर हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतं. सूज दिसण्याआधी कितीतरी वर्षं जंत अंगात असतात, त्यांची पिल्लं रात्री रक्तात फिरतात आणि गटारावरचा डास ती दुसऱ्याच्या अंगात नेतो. रक्ताचे नमुने रात्री घेतात ते यासाठीच. गोळ्या रोगाची ही साखळी तोडण्यासाठी आहेत. आलेली सूज त्यांनी जात नाही.

झटका आला तर मालीश नाही, शेक नाही. गार पाण्याची पट्टी ठेवा, पाय उंच ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण तेव्हा प्रतिजैविकं लागतात. ताईंच्या बेचक्यांत आत्ता चिरा आहेत का, तेवढं आज बघून मला कळवा.